कांद्याच्या काट्यावर अक्का

परवा फोनवर तू म्हणालीस की नीट जेवूनही, रोज पळूनही तुझं वजन किती आठवडे एकाच आकड्यावर अडकून बसलं आहे. तुझा भाऊ मागून हसत होता. मी विषय बदलला. बहुतेकदा वजन असंच अडकतं आणि त्यात काही नसतं. शरीर थोडं थांबतं, मग पुन्हा चालू लागतं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही दोघं घाबरणार नाही. पण विषय का बदलला ते क्रमाने लिहिते.

भिंतीवरच्या फोटोत आपल्या खोडदच्या घराच्या ओट्यावर, नऊवारी नेसलेल्या, पाय लांब करून बसलेल्या आजी आहेत ना, त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. सगळं घर त्यांना अक्का म्हणायचं. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, ते दादा. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. शेती, बराखीतला, म्हणजे साठवणीच्या चाळीतला कांदा आणि कोठीची खोली अक्का सांभाळत. कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला खोचलेल्या असत. त्या चालल्या की किल्ल्यांचा आवाज आधी यायचा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अक्कांचे गुडघे पार गेले होते. ओट्याची पायरी उतरताना त्या भिंतीला धरून थांबायच्या. पुण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण अट घातली : आधी वजन पंच्याहत्तरवर आणा. अक्का तेव्हा अठ्ठ्याऐंशी किलोच्या होत्या.

घरात माणसांचा वजनकाटा नव्हता. खळ्यावर कांद्याच्या गोण्या मोजायचा होता. लोखंडी पाट, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. दर सोमवारी अक्का त्यावर उभ्या राहत आणि दादा चष्मा लावून दांडी बघत.

"लुगड्याचं बारदान धरा की वजा," अक्का म्हणायच्या. गोणी मोजताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, ते बारदान.

"धरलं. एक किलो सोडला तुला," दादा म्हणायचे. "व्यापारी बी एवढा सोडत न्हाई."

दिवाळीनंतर सुरुवात झाली. सकाळी अर्धी भाकरी, वाटीभर पालेभाजी, ताक. भात बंद, साखर बंद. एकादशीचा साबुदाणा आणि शेंगदाणेही मी बंद केले. अक्का म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आता उपास धरला का सोडला, तेच कळंना झालंय." डॉक्टरांनी सांगितलेले पायांचे व्यायाम त्या बाजेवर पडून करत. शाळेआधी आम्ही दोघी कालव्याच्या रस्त्याने, त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या दिसतात तिथपर्यंत जात असू. त्या काठी टेकत, दात दाबून चालायच्या. मी थांबायचं का विचारलं तर म्हणायच्या, "थांबून गुडघा बरा व्हतो का?"

पहिल्या काही सोमवारी दांडीवरचं वजन भराभर मागे सरकलं. मग एक्क्याऐंशीवर थांबलं. पुढच्या सोमवारी एक्क्याऐंशी. त्याच्या पुढच्याही.

मी भाकरी आणखी कमी केली. अक्का आणखी लांब चालू लागल्या. एक्क्याऐंशी.

संक्रांतीला कासारीण आली. तिने अक्कांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अक्का, हात लई बारीक झाला तुमचा. दोन नंबर खाली आला." जुन्या बांगड्या न फोडता, नुसत्या ओढून निघाल्या. आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. अक्कांनी तो हात दादांना नेऊन दाखवला. दादा म्हणाले, "हात बारीक झाला, मग काटा का हालंना?"

दादा न्यायी माणूस होते, हे तुम्ही लक्षात ठेवा. त्यांनी आधी काट्यावर संशय घेतला. शिक्का मारलेली वीस किलोची वजनं आणून पाटावर ठेवली. काटा बरोबर निघाला. आमच्या घराने सारी हयात काट्यावर काढलेली. व्यापारी खोटं बोलेल, हमाल बोलेल, काटा बोलत नाही. म्हणजे राहिलं एकच.

"बराखीतल्या कांद्याला बी घट येती," दादा जेवताना म्हणाले. "हिला येईना. कोठीत जाऊन काय खाती कोण जाणे."

मी म्हणाले, "दादा, त्यांचं ताट मी वाढते. त्या काही खात नाहीत."

"तू शाळंत असतीस दिवसभर," ते म्हणाले. ते खरं होतं.

जेवणं झाल्यावर अक्कांनी कमरेच्या किल्ल्या काढून माझ्या हातात ठेवल्या. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "ठेव तूच. काटा हालला न्हाई तर पुन्हा माझ्यावर यायचं." लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी सासूबाईंनी त्यांना दिलेल्या किल्ल्या. त्या दिवसापासून शेंगदाण्याच्या कुटासाठीसुद्धा अक्का माझी शाळेतून यायची वाट बघत. मधे एकदा भूक लागली तेव्हा नुसतं पाणी प्यायल्या, आणि ते मला मुद्दाम सांगितलं.

काटा हलला नाही.

होळीच्या सुमारास त्या म्हणू लागल्या की पोट फुगतं, गॅस होतो. ओवा खायच्या, जिऱ्याचं पाणी प्यायच्या. एकदा नेसताना म्हणाल्या, "ह्या लुगड्याला निऱ्याच पडंनात. आटलं का काय गं?" सुती लुगडं धुऊन आटतं, म्हणून तेही आम्हाला पटलं. नऊवारीच्या आत बाईचं पोट कसं आहे ते कुणाला दिसत नाही, आणि न्हाणीत तर अंधारच असायचा. गालफडं बसली होती, गळ्याची हाडं वर आली होती. ते सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे म्हणत होते, पथ्य लागू पडलं.

चैत्रात कांदा निघाला. खळ्यावर मजूर बायका गोण्या भरत होत्या. दादांनी गोण्यांच्या आधी अक्कांना काट्यावर बोलावलं. एक बाई हसून म्हणाली, "अक्का, तुमास्नी बी मार्केटला न्यायचं का?" अक्काही हसल्या आणि पाटावर चढल्या. दांडी वर उचलली गेली. एक्क्याऐंशीच्या पुढे, त्र्याऐंशी.

दादांनी मोठ्याने आकडा सांगितला नाही. नुसतं वजन मागे सरकवून ठेवलं. अक्का पाटावरून उतरल्या आणि तिथेच गोणीवर बसल्या. त्यांना धाप लागली होती. एवढ्याशा चढ-उताराने धाप लागू नये, हे मला तेव्हा जाणवलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि जीप करून त्यांना पुण्याला नेलं.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर निजवलं. गुडघ्याला हात लावण्याआधी पोटावर लावला, बोटांनी ठोकून पाहिलं आणि गुडघा तसाच सोडून चिठ्ठी लिहिली. सोनोग्राफी झाली. अंडाशयाची गाठ होती, पसरलेली, आणि पोटात पाणी भरलं होतं. अंगावरचं मांस जितकं उतरत होतं, जवळपास तितकं पाणी आत चढत होतं. काटा खरंच बरोबर होता.

पोटातलं पाणी सुईने काढलं, टप्प्याटप्प्याने. त्यानंतर नर्सने त्यांना आधार देऊन वजन केलं. एकोणसत्तर.

"परत सांगा," अक्का म्हणाल्या. नर्सने परत सांगितलं.

अक्कांनी माझा हात धरला. "ह्यांना सांग. बारदान न धरता सांग. मी खात नव्हते."

दादा डबा घेऊन दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. आत आले, डबा कपाटावर ठेवला आणि उघडायचं विसरून उभेच राहिले. मी पर्समधून किल्ल्या काढून अक्कांना दिल्या. दवाखान्याच्या त्या गाऊनला खोचायला कंबरच नव्हती. त्यांनी त्या मुठीत धरल्या. पुढे दोनेक महिने त्या होत्या, तेवढे दिवस किल्ल्या उशीखाली राहिल्या.

पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला होता. "पंच्याहत्तरच्या खाली आलं म्हणजे," त्या म्हणाल्या. "आता गुडघ्याचं करतील ना गं?"

"विचारून येते डॉक्टरांना," मी म्हणाले, आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. डॉक्टर समोरूनच गेले. त्यांना विचारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.