थोरले जावई बरोबर असतात

कुठल्याही चांगल्या प्रसंगी नेमकं काय बिघडणार हे आधी ओळखण्याची विद्या परमेश्वराने पृथ्वीवर एकाच माणसाला दिली, आणि तो माणूस साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सासरी त्यांना सगळे 'थोरले जावई' म्हणतात आणि मला 'हे'. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, तेही मला साडूभाऊच म्हणतात, पण त्यांच्या तोंडून तो शब्द आला की कोणीतरी आपली हजेरी घेतंय असं मला उगाच वाटतं. दिसायला माणूस अगदी साधा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, डोक्यावर जे काही केस उरलेत ते व्यवस्थित विंचरलेले. पण हे घरात शिरले की हसणारी माणसं जराशी सरळ बसतात आणि गॅस नीट बंद आहे ना हे बघायला कोणीतरी स्वयंपाकघरात जाऊन येतं.

यात त्यांचा काही दोष नाही असं माझी बायको म्हणते. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटीत आहेत. तिथे नवीन पार्ट सुरू करण्याआधी चार माणसं टेबलाभोवती बसतात आणि हा पार्ट कसकसा बिघडेल याचा विचार करतात. बिघडला तर नुकसान किती, बिघडण्याची शक्यता किती, आणि माल बाहेर जाण्याआधी तो बिघाड आपल्याला कळेल का, या प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे. मार्क जास्त म्हणजे धोका मोठा. आता हे सगळं कंपनीच्या गेटच्या आत ठेवून माणसाने घरी यावं की नाही? बाकीचे लोक हेल्मेट आणि सेफ्टी शूज तिथेच ठेवून येतात, साडूभाऊ मार्क घेऊन घरी येतात. बाळ बघायला गेल्यावर सगळे "नाक आजोबांवर गेलंय" म्हणत असतात, तेव्हा हे विचारणार, "आजोबांना शुगर कधी निघाली होती?" लग्नाला गेले की स्कूटर गेटकडे तोंड करून लावणार. मिसळ खायच्या आधी पित्ताची एक गोळी स्वतः घेणार आणि दुसरी माझ्या पुढ्यात ठेवणार. ती मी मोठ्या तोऱ्यात नाकारतो आणि संध्याकाळी बायकोकडे मागतो.

आणि मी कोण? मी ताथवड्यात एका बिल्डरच्या ऑफिसात फ्लॅट विकतो. म्हणजे सगळं छान होणार आहे हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. समोर नुसता मुरूम पसरलेला असताना मी गिऱ्हाईकाला तिथे बाग दाखवू शकतो. पाणी येणार, रस्ता होणार, मेट्रो तर काय, आलीच. मी बोललेलं बहुतेक होत नाही, ते बोललेलं बहुतेक होतं, आणि तरी मी त्यांच्यावर जळू नये अशी अपेक्षा बाळगणारे लोक माझ्याच घरात राहतात. एकदा मी त्यांना मुद्दाम आमचा सॅम्पल फ्लॅट बघायला बोलावलं. आपल्या कामाचं कौतुक व्हावं, एवढीच इच्छा होती. ते बाल्कनीत उभे राहिले, खाली वाकून बघितलं आणि अगदी मायेने म्हणाले, "साडूभाऊ, वर आग लागली तर बंबाची गाडी वळणार कुठे?" शेजारी टाइल्सवरून हात फिरवत असलेलं एक जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं, 'घरी विचारून सांगतो' म्हणालं आणि गेलं ते गेलंच. साहेबांनी नंतर मला आत बोलावून ते गृहस्थ कोण म्हणून विचारलं. मी ओळखीचे नाहीत म्हणून सांगितलं.

मेहुण्याच्या साखरपुड्याला तर कळस झाला. वाकडचा तो हॉल मी शोधला होता, मी ठरवला होता, आणि येणारा जाणारा हॉलचं कौतुक करत होता. म्हणजे दिवस माझा होता. तेवढ्यात साडूभाऊ मागे जाऊन जनरेटर बघून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की टाकी रिकामी आहे आणि माणूसही जेवायला गेलाय. वाकडला लाइट जात नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. नेमकी अंगठी घालायच्या वेळी लाइट गेली. अंधारात पहिला आवाज आला तो सासूबाईंचा, "थोरले जावई कुठायत?" थोरले जावई डिझेलचा कॅन घेऊन मागच्या दाराशी उभेच होते. आजही सासरी त्या साखरपुड्याचा विषय निघाला की नवरानवरी बाजूला राहतात आणि डिझेलवर बोलणं सुरू होतं. हॉल कोणी शोधला हे कोणीच विचारत नाही.

मी त्यांचं नाव मनातल्या मनात 'नकारघंटा' ठेवलं होतं. सगळ्यांना नावं ठेवणारा, कशावरच विश्वास नसलेला माणूस, असा माझा निकाल झालेला होता. एकदा सासूबाईंकडे भजी खाताना मी त्यांना सरळ विचारलं की तुम्हाला जगात काहीच चांगलं दिसत नाही का. ते रागावले नाहीत. "वाईट होईल असं मी कुठं म्हणतो?" ते म्हणाले. "कसं होईल ते सांगतो. सांगितलं की माणसं बघतात, आणि बघितलं की टळतं." मग सगळ्यात जास्त मार्क कशाला देता, मी विचारलं. "जो बिघाड दिसतच नाही त्याला. वरून माल चकाचक असतो. तिथं मी डोळे मिटून दहा देतो." मी मान डोलावली, कारण भजी गरम होती.

मग मागच्या दिवाळीच्या सुमारास साडूभाऊ एकदम सुधारले. सासूबाईंनी जाहीर केलं की त्या येत्या मे महिन्यात बसने चारधामला जाणार. गुडघे असे की त्यांना आमच्या सोसायटीच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत. सगळ्यांनी श्वास रोखून साडूभाऊंकडे पाहिलं. दरडी, थंडी, बसचा ड्रायव्हर, तिथली हवा, असे त्यांचे मुद्दे मीच मनात ओळीने लावून ठेवले होते. ते म्हणाले, "जाऊन या. छान होईल." सासूबाईंना भरून आलं. मग सगळंच छान होऊ लागलं. भाचीने लागलेली नोकरी सोडली, ते छान. आंबलेली खीर छान. ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना पावसाळ्यात ध्यानाच्या शिबिराला धाडलं होतं, ते लागू पडलं असं तिने सगळ्यांना फोन करून कळवलं. माझी बायको मला म्हणाली, "दाजी बघा, या वयात किती बदलले. नाहीतर तुम्ही." मला हे फार झोंबलं. सगळं छान होणार म्हणण्याची एवढी एकच गादी माझ्याकडे होती, तीसुद्धा त्यांनी घेतली. वर माझं छान कोणी मनावर घेत नव्हतं आणि त्यांच्या एका छानवर अख्खं घर प्रसन्न व्हायचं.

पण जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते. प्रेमाची माणसं ढोबळ बघतात. माझ्या लक्षात आलं की त्यांची स्कूटर हल्ली कशीही, कुठेही लागलेली असते. खिशाला पेन नसतं. सगळे हसायला लागले की मग ते हसतात, आणि सगळ्यांच्या आधी थांबतात. मी त्यांना पुन्हा साइटवर नेलं आणि आमच्याकडचा सगळ्यात वाईट फ्लॅट दाखवला. छताला ओल आलेली, बेडरूमचं दार उघडलं की कपाटावर आपटायचं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "छान आहे," म्हणाले. खरं तर मी नाचायला हवं होतं. पण जिना उतरताना छताची ओल दिसली ना, असं मीच त्यांना दोनदा विचारलं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की दाजींचं काहीतरी बिघडलंय. ती म्हणाली, "आता कुठं माणूस हसायला लागलाय. तुम्हाला त्यांचं चांगलं बघवतच नाही का हो?" ताईला फोन केला तर तिचंही तेच, घरातली कटकट संपली, किती शांत असतात हल्ली. सासूबाईंनी तर त्याच शनिवारी मीठमोहऱ्यांनी थोरल्या जावयांची दृष्ट काढली, आणि काढताना सारखं माझ्याकडे बघत होत्या. एवढी वर्षं मी त्या माणसावर इतक्या उघडपणे जळलो होतो की आता खरं बोलायला गेलो तर ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी दुपारी मी एकटाच पिंपळे सौदागरला त्यांच्या घरी गेलो. ताई भिशीला गेली होती. मी जाताना एक बेत रचून नेला होता, जेवढी भोकं पाडता येतील तेवढी पाडून. म्हटलं, नोकरी सोडतोय, चाकण चौकात चहाचं दुकान टाकतोय, भागीदार एका लग्नात जेवणाच्या रांगेत भेटला. एरवी यावर साडूभाऊंनी मला संध्याकाळपर्यंत उठू दिलं नसतं. ते म्हणाले, "करा राव. काय फरक पडतो."

मी चिडलो. खरंच चिडलो. "साडूभाऊ, जागा रस्तारुंदीत जाणार आहे. भागीदाराचं आडनावसुद्धा मला माहीत नाही. बोला की काहीतरी मला."

ते बंद टीव्हीकडे बघत बसले. मग हळूहळू बोलले. उन्हाळ्यात कंपनीत पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, सैल झालं होतं. त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, मशीन थांबवा. माल निघायची घाई होती. तुमचं नेहमीचंच, म्हणून लोक हसले. पुढच्याच आठवड्यात त्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं गेली. त्याला कामाला लावलं होतं साडूभाऊंनीच.

"सगळे येऊन मला म्हणाले, तुम्ही बरोबर होता. दवाखान्यात त्याची बायकोसुद्धा तेच म्हणाली. साडूभाऊ, मला बरोबर असायचं नव्हतं हो कधीच. सांगितलं की टळतं असं वाटायचं, म्हणून सांगत होतो. सांगूनही टळत नसेल तर बोलायचं कशाला? सकाळी बूट घालायला बसतो आणि तसाच बसून राहतो. हिला वाटतं मी ध्यान करतोय."

ऐकताना मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आहे ते आहे तसं बघणारा, सगळ्याला नाक मुरडणारा आणि आतून खचलेला, हे तिघे एकाच जिन्यावर राहतात आणि त्यांच्या दारांवर पाट्या नसतात. साडूभाऊ पहिल्या दाराचे. मी त्यांना उगाच दुसऱ्यात घातलं होतं. आणि ते तिसऱ्या दाराआड जाऊन बसले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं अभिनंदन केलं. वाईटाची काळजी करणाऱ्या माणसाला निदान कशाची तरी काळजी असते. आमच्यासमोर जो हसतमुख माणूस छान छान म्हणत होता, त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं, आणि माल चकाचक दिसत होता.

ताई भिशीहून येईपर्यंत मी तिथून हललो नाही. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती चप्पल न काढता तशीच खाली बसली. त्याच आठवड्यात त्यांना चिंचवडच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. नैराश्य आहे, औषधं लागतील, वेळ लागेल, पण उतार पडेल, असं डॉक्टर म्हणाले. मग मला म्हणाले की यांच्यासारखे समजूतदार पेशंट फार कमी येतात. मी तिथेही नुसता सोबत आलेला. घरी बायको बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि न मागता तिने मला दुसरा चहा दिला. दाजींमुळे का होईना, मिळाला.

तेव्हापासून डॉक्टरांकडे न्यायचं काम माझं आहे. मध्ये दुसऱ्या कोणी नेलेलं मला चालत नाही. मागच्या महिन्यात असेच परत येत होतो. वाटेत ते फारसं बोलत नाहीत, मीच बोलतो. वाकडच्या पुलाखाली आमच्या पुढे एक कंटेनर होता, आणि साडूभाऊ एकदम म्हणाले, "हळू घ्या. हा न सांगता डावीकडे वळणार." मी एवढ्या जोराने ब्रेक दाबला की मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धार केला. कितीतरी महिन्यांनी त्या माणसाने काहीतरी वाईट होणार म्हणून सांगितलं होतं. मला समोरचं नीट दिसेना.

कंटेनर सरळ गेला. अगदी नाकासमोर, पार दिसेनासा होईपर्यंत सरळ गेला.

"चुकलो वाटतं," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी लग्न झाल्यापासून टपून बसलो होतो. ऐकला की आधी बायकोला फोन करायचा, मग सासूबाईंना, हेसुद्धा ठरलेलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "छे हो, वळणारच होता. आपल्याला बघून त्याने बेत बदलला."

"नाही राव. साफ चुकलो." त्यांनी खिडकीची काच खाली केली, मान मागे टेकवली आणि गालातल्या गालात हसत घरापर्यंत बाहेर बघत राहिले. मी गाडी चालवत होतो आणि सारखा त्यांच्याकडे बघत होतो. मी आयुष्यभर चुकत आलोय, पण इतकं सुखाने चुकायला मला अजून एकदाही जमलेलं नाही.