पोपटानं मामांच्या अंगठ्यावर काय ओकलं

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांनी जन्मात कुणावर विश्वास ठेवला असेल, तर तो फक्त स्वतःच्या संशयावर. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून दुधाचा ग्लास हातात देतात. त्यात पाणी घालणार कोण आणि कधी? पण मामा आधी रिकामी चरवी उलटी करून बघणार, मग गवळ्याच्या बाह्या, आणि शेवटी म्हशीकडंही असं बघणार की बिचारी आटायची. लग्नाची पत्रिका आली तरी "आपल्यालाच कशापायी बोलावलं?" यावर दोन दिवस घालवायचे. मला जावई म्हणून पास करायला त्यांनी तीन वर्षं घेतली, आणि निकाल अजून राखून ठेवलाय असं मला वाटतं.

मामी गेल्यावर मुलानं त्यांना सोबतीला लाल शेपटीचा करडा परदेशी पोपट आणून दिला. मामांनी त्याचीही कागदपत्रं तीनदा वाचली. पण पठ्ठ्यानं महिनाभरात त्यांना खिशात घातलं. संध्याकाळभर त्याला मांडीवर घेऊन मामा पाठीवरून पार शेपटीपर्यंत हात फिरवत बसायचे. एक दिवस त्यानं मान वरखाली हलवली आणि मामांच्या अंगठ्यावर दाण्यांचा लगदा ओकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मामांचा मला फोन आला. "पावणं, ह्याला कुणीतरी काय तरी घालतंय. ह्यो बी जातोय बघा आता."

संशयित एकच, ती म्हणजे सूनबाई, कारण दाणे तीच घालायची. तेव्हापासून तिनं मामांसमोर आधी दोन दाणे खाऊन दाखवायचे, मगच वाटी पिंजऱ्यात. पेठ वडगावची ती सोशिक पोर, चार दिवस खाल्ले तिनं. पाचव्या दिवशी म्हणाली, "मी पाखराला मारीन असं वाटत असंल तर मी निघाले माहेरला." मग मात्र मी मामांना आणि पोपटाला गाडीत घालून पाखरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी पोपट नीट तपासला आणि हसल्या. "ही उलटी न्हाय. आजारी पाखरू मान झटकून चहूकडं उडवतं, मलूल बसतं. तसं दिसलं तर लगेच आणा. हा तुम्हाला जोडीदार समजून घास भरवतोय. पाठीवरनं हात फिरवू नका, त्यानंच त्याला तसं वाटतं; फक्त डोकं खाजवा. पिंजऱ्यातला आरसा काढा, त्यातबी त्याला जोडीदारच दिसतो. पुन्हा असं करायला लागला की रागवायचं न्हाय, गप खाली ठेवायचं आणि बाजूला व्हायचं."

मामांनी डोळे बारीक केले. "पर का? त्याला माझ्याकडनं काय पायजे?"

"काय नको," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मामांनी सुनेला "चुकलं माझं, पोरी" म्हटलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग स्वतःच्या हातानं आरसा काढला. तेवढ्यात पोपटानं मामांच्या खांद्यावरून हातावर उतरून मान हलवायला सुरुवात केली. मामांनी त्याला अलगद खाली ठेवलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"तुमची मामी आपल्या ताटातली गरम भाकरी माझ्या ताटात टाकायची," ते म्हणाले. "चाळीस वर्सं मी इचारत हुतो, आज काय पायजे तुला?"

मी काढलेला आरसा उचलून कपाटात ठेवला.

"तिला बी काय नको हुतं की," मामा म्हणाले.