दाराच्या मध्यापासून चार बोटं पुढे

मामाने डाग पुसला तेव्हा सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि त्या घडीला त्याच्याइतका खूश माणूस अख्ख्या ट्रॅकवर दुसरा नव्हता. पहिली शर्यत संपून चाळीस मिनिटं झाली होती, आणि सतरा नंबरच्या गाडीचं डावं दार असं झालं होतं की जणू तिला कुणी बोटही लावलं नव्हतं. पोचा आतून ठोकून काढला, पत्रा सपाट केला, वर घासलेल्या टायरचा काळा डाग थिनरच्या बोळ्याने स्वच्छ पुसला. मग दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून, मामाने दाराकडे असं पाहिलं जसं लोक बाळाकडे पाहतात.

अकरा बावीसला पंचांचा माणूस कॅमेरा घेऊन आला.

"दाराला कुणी हात लावू नका हं," तो म्हणाला. "पंचबाईंना टायरची खूण बघायचीय."

मामाच्या हातातला बोळा अजून ओला होता.

मामा म्हणजे डेंटर. ठोकलेल्या गाड्या सरळ करण्यात त्याची तीस वर्षं गेली. सतरा नंबरची गाडी त्याच्या बहिणीची मुलगी चालवते. ती त्याला मामा म्हणते म्हणून ट्रॅकवरचं लहानथोर सगळं मामाच म्हणतं. भाची पोटापाण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. आठवड्याचे पाच दिवस ती घामाघूम झालेल्या काकूंना "आरसा बघा, आरसा" असं सांगते आणि उरलेले दोन दिवस शर्यतीत पळते. चार वर्षं दोघांनी मिळून ही गाडी उभी केली होती, मामाच्या गॅरेजच्या मागच्या अंगाला, गिऱ्हाइकांच्या गाड्या बाजूला ढकलून. यंदा ती गुणांमध्ये दुसरी होती. उद्या सकाळी शेवटची शर्यत.

मामाचा दोष एकच, त्याच्या हातांना रिकामं बसता येत नाही. कुणाच्या घरी जेवायला गेला तरी ताटाची वाकलेली कड दोन बोटांनी सरळ करून देतो आणि वर यजमानांनाच म्हणतो, "पत्रा हलका लावलाय." पोचा दिसला की हात शिवशिवतात. अशा माणसासमोर ठोकलेलं दार ठेवणं आणि वर हात लावू नको म्हणणं, दोन्ही एकदम जमणार नव्हतं. त्यातून ते कुणी वेळेत म्हटलंच नव्हतं.

भानगड अशी होती. चौथ्या फेरीत, डावीकडच्या वळणावर, मागून आलेला बेकरीवाला आतल्या बाजूने घुसला. हा खरोखरच बेकरीवाला, पहाटे पाव भाजतो आणि रविवारसाठी जगतो. भाची वळली आणि दोघं एकमेकांना घासले. बेकरीवाला गवतात गेला, भाची पुढे निघून गेली. आता चूक कुणाची? नियम पोरालाही समजेल असा आहे. वळणाला लागताना मागून येणाऱ्याचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या दाराच्या मध्यापर्यंत पोहोचलेलं असेल, तर पुढच्याने त्याला एक गाडी मावेल एवढी जागा सोडायची. पोहोचलं नसेल, तर मागच्याने मुकाट ब्रेक दाबायचा. जो चुकला तो पुढच्या शर्यतीत घरी. त्या वळणावरचा कॅमेरा नेमका सकाळपासून बंद. म्हणजे सगळा निवाडा एका काळ्या डागावर होता, आणि तो डाग आता बोळ्यात होता.

वर आणखी एक लाजिरवाणी गोष्ट. मामाचा थिनरचा डबा वाटेत गळून रिकामा झाला होता, म्हणून त्याने शेजारच्या चिमट्याकडून अर्धा डबा उसना आणला होता. चिमटा हा बेकरीवाल्याचा डेंटर. अंगाने इतका बारीक की गाडीखाली जायला त्याला जॅक लागत नाही, असं मामाच म्हणायचा. ज्याच्यावर धडकेचा आळ होता, त्याचाच पुरावा त्याच्याच थिनरने धुतला गेला होता.

दोन वाजता पत्र्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. पंचबाई जन्मभर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. टेबलावर दोन खेळण्यातल्या गाड्या आणि खडूने काढलेलं वळण.

"सतरा नंबर. खूण दाखवा."

"होती, बाई," भाची म्हणाली.

"होती म्हणजे?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

"मी पुसली."

"कशाला?"

"घाण दिसत होती."

"घाण!" बेकरीवाला खुर्चीतून अर्धा उठला. "बाई, माझा अख्खा मोसम त्या घाणीत होता!"

"बसा तुम्ही. मामा, ती कुठे होती ते तरी आठवतंय?"

"दारावर."

"दार केवढं असतं? मध्याच्या पुढे की मागे?"

मामाने खेळण्यातल्या गाडीकडे पाहिलं. तिचंही डावं दार जरा चेपलेलं होतं. त्याने हात पाठीमागे बांधले.

"नक्की नाही आठवत."

बाईंनी चष्मा काढला. "चार वाजता निकाल देते. खूण नसेल तर रिवाजाने जावं लागेल, जो मागून येतो त्याने जपायचं असतं."

म्हणजे बेकरीवाला बाहेर.

तिथून चार वाजेपर्यंत मामा एका जागी उभा राहिला नाही. घट्ट असलेले नट घट्ट केले. बॉनेट उघडून लावलं, परत उघडलं. पाना शोधत फिरला, जो त्याच्या हातातच होता. येणारे-जाणारे पाठीवर थापा मारत होते.

"मामा, काय डोकं चालवलंत! डागच गायब!"

"डोकं नाही रे, सवय."

"हो हो, सवय!" म्हणत माणूस डोळा मारून पुढे जायचा.

आणि मामाला आठवत होतं. आठवायची गरजही नव्हती. पत्रा ठोकण्याआधी तो दाराचं आतलं अस्तर काढतो आणि पोच्याभोवती आतून पिवळ्या मेणखडूने गोल काढतो, कुठून कुठवर ठोकायचं ते कळावं म्हणून. उस्तादाने लावलेली सवय. तीस वर्षांत एक दार चुकलं नाही. आजही काढला होता. सहा स्क्रूंमागे, अस्तराच्या पल्याड, तो पिवळा गोल जसाच्या तसा होता. दाराच्या मध्यापासून चार बोटं पुढे. चूक भाचीची होती.

साडेतीनला चिमटा आला. मामाने आधीच तोंड उघडलं, "अरे, तुझा थिनर द्यायचा राहिलाय, मी आत्ता..."

"असू द्या," चिमटा म्हणाला. आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट. "उद्या आम्हाला कशाला लागतोय? सावकाश द्या." आणि तो सामान आवरायला गेला. हातोडे एकेक करून फडक्यात गुंडाळत होता.

भाची टायरच्या ढिगावर बसली होती. मामा तिच्याभोवती तिसरी चक्कर मारत होता.

"मामा, थांब जरा. गरगरायला लागलं मला."

तो थांबला. पाय थांबले, हात पाना फिरवत राहिले.

"कुठे होता डाग?"

"सांगितलं ना बाईंना."

"बाईंना सांगितलंस. मला सांग. हे बघ, मी आरशात पाहिलं, तो दिसला. वळायच्या आधी पुन्हा पाहिलं, तर नव्हता. मला वाटलं मागे पडला, म्हणून वळले. तो मागे पडला होता, की इतका पुढे आला होता की आरशातूनच सुटला?"

"आता कळून काय करणार तू?"

"उद्या जिंकले आणि हेच माहीत नसलं, तर पुढच्या वर्षी त्या वळणावर मी काय करू? डोळे मिटू?"

मामाने पाना खाली ठेवला. "पुढे आला होता. मध्याच्या चार बोटं पुढे."

"कुणाची बोटं? तुझी की माझी?"

"माझी."

"मग झालंच." ती टायरच्या ढिगावरून उतरली. "तू खोटं बोललास माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हण, गाडीसाठी म्हण."

"स्क्रू किती?"

"सहा."

"स्क्रूड्रायव्हर दे."

"मी काढतो..."

"नको. तू काढायला लागलास की आणखी काहीतरी पुसशील."

चारला पाच मिनिटं कमी असताना दोघं दाराचं अस्तर काढून पंचबाईंना हात धरून घेऊन आले. बाई गुडघ्यावर बसल्या, टेप लावली, पिवळ्या गोलाचं अंतर मोजलं. भूमितीच्या माणसाला वर्तुळ दिसलं की बरं वाटतं, तसं त्यांना वाटलेलं दिसलं. मग उठून कोरड्या आवाजात म्हणाल्या, "सतरा नंबर उद्या धावणार नाही. आणि मामा, खूण पुसली आणि मग आठवत नाही म्हणालात, हे सगळं लिहून द्या."

मामाने तीन ओळी लिहून दिल्या. बाईंनी कागद परत केला. "सविस्तर."

रविवारी सकाळी भाची जाळीला टेकून त्या डावीकडच्या वळणाकडे पाहत उभी होती. मामाशी ती कालपासून कामापुरतंच बोलत होती, आणि काम काही उरलं नव्हतं. मामा मात्र शेजारी, बेकरीवाल्याच्या गाडीपाशी. बेकरीवाल्याचं उजवं मडगार्ड टायरला घासतंय हे त्याला दुरून दिसलं होतं, आणि चिमट्याने नको म्हणायच्या आत त्याने ते सरळ केलं होतं. बेकरीवाल्याने एक पाव पुढे केला. मामाने तो हातात धरून ठेवला.

"मामा, माझा थिनर?" चिमटा म्हणाला. मडगार्डवर नंबराचा कागद चिकटवायचा होता, आणि मामाचे हात लागून तेलकट झालेल्या पत्र्यावर थिनरने पुसल्याशिवाय गोंद धरत नव्हता.

"आणतो म्हटलं ना. आज दुकान बंद आहे."

"मी सावकाश म्हटलेलं तुम्ही मनावरच घेतलंत."

शर्यत सुटली. तिसऱ्या फेरीपासून बेकरीवाल्याच्या उजव्या मडगार्डवरचा नंबर एका कोपऱ्यातून सुटला आणि फडफडायला लागला. गाडी समोरून गेली की चिमटा मामाकडे बघायचा. मामा गाडीकडे बघायचा, मग स्वतःच्या हातांकडे, आणि पुन्हा गाडीकडे. पाचव्या फेरीला बेकरीवाला त्या डावीकडच्या वळणावर पुढच्या एका गाडीच्या आतल्या बाजूला शिरला, आणि पुढच्याने जागा सोडली.

"आला," जाळीपाशी भाची स्वतःशीच म्हणाली. "आरशातून सुटला, आणि शेजारी आला."

सहाव्या फेरीला कागद अर्धा सुटला. चिमट्याने थिनरचा रिकामा डबा उचलला, उलटा करून मामाच्या पायाशी ठेवला, आणि पुन्हा शर्यत बघू लागला.