काकडं काढून टाकलेली शेवळं

"विषारी नाही म्हणतेस ना? मग खाऊन दाखव."

खारघरच्या एका सोसायटीच्या आवारात, रविवारी सकाळी, पांढऱ्या मांडवाखाली एक माणूस मला हे म्हणाला. हातात आमच्याच शेवळांचा डबा. आदल्या रविवारी आमची भाजी खाऊन त्याच्या बायकोचा घसा सुजला होता. तो चिडणारच. पण तो माझ्याकडे बघतही नव्हता. बघत होता संस्थेच्या मॅडमकडे.

मॅडम माझ्या मुलीहून चारेक वर्षांनी मोठ्या असतील. मी त्यांना अहोजाहो करायची, त्या मला अगंतुगं. त्या म्हणाल्या, "खा गं एक. विश्वास बसेल त्यांचा."

मी खाल्लं.

कच्चं शेवळं. घशात कुसळं गेल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी. एक बाई मोबाईल वर धरून उभी होती. कोणी पाणी दिलं नाही, मीही मागितलं नाही.

तेव्हाच 'नाही' का म्हणाली नाहीस, असं मला लोक विचारतात. मीही स्वतःला विचारते, अजून. लाज वाटते मला त्या घासाची. पण वाडीवर अकरा बायका मांडवातल्या आमच्या विक्रीच्या टेबलावर डोळे लावून बसल्या होत्या.

नेरे गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून वर येणारे कोंब. आमच्या आया ते पनवेलच्या बाजारात रस्त्याकडेला बसून विकायच्या. मग संस्था आली. गरिबी हटवायची, शेतीतून धंदा उभा करायचा, म्हणाली. चांगलंच बोलत होते ते, मी खोटं कशाला सांगू? बारा जणींचा गट केला, प्रशिक्षण दिलं, माझ्या गळ्यात पट्टी अडकवली. तिच्यावर लिहिलेलं, उद्योजिका. घरी जाऊन मी ती दोनदा आरशात बघितली.

शेवळं खाजरी. आमच्यात शेवळांच्या जुडीला मूठभर काकडं बांधूनच देतात. काकडं म्हणजे रानातली आंबट हिरवी फळं. त्यांचा रस भाजीत पडला की खाज मरते. गिऱ्हाइकाने मागायची गरज नाही, पैसेही वेगळे नाहीत. काकडांशिवाय जुडी दिली तर माझी आई ती परत सोडायला लावायची.

मॅडमनी विक्रीच्या पहिल्याच दिवशी जुड्या सोडल्या. पारदर्शक डब्यात कोंब एका रांगेत लावले आणि काकडं कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

मी म्हटलं, "मॅडम, काकडं लागतात. नायतर घसा खाजतो."

"अगं, डबा स्वच्छ दिसला पाहिजे. तुमच्या अंधश्रद्धा इथे नकोत."

अंधश्रद्धा. आमच्या आईच्या, आजीच्या हाताखाली शिकलेलं सगळं एका शब्दात कचऱ्यात. आणि मी गप्प बसले. वाटलं, शिकलेल्या आहेत, त्यांनी काही विचार केला असेल. ती चूक माझी. ती मी कोणावर ढकलणार नाही.

तर त्या मांडवात माझा घसा पेटलेला. मॅडम लोकांना इंग्रजीत काहीतरी समजावत होत्या. त्यातला हायजीन एवढा शब्द मला कळला, प्रशिक्षणात तो रोज यायचा. मग माझ्याकडे वळून मराठीत, "आता सगळ्यांची माफी माग. हात जोडून नीट उभी राहा, फोटो वर पाठवायचाय."

माझे हात उचलले गेले होते. अर्ध्यावर होते. ते मी खाली घेतले.

"काकडं कुनी काढली, मॅडम?"

"काय?"

"मी बांधून आनली व्हती. तुमी फेकलीत. मी सांगितलं तवा तुमी आयकलं नाय." आवाज फाटका निघत होता, तरी थांबले नाही. त्या माणसाला म्हटलं, "तुमच्या बायकोला तरास झाला, मला लय वाईट वाटतं. पन माफी मी नाय मागनार. ती ह्यांनी मागायची."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्यामुळे गटाचं काम जाईल, कळतंय का?"

कळत होतं. मी पट्टी काढून टेबलावर ठेवली.

काम गेलं. अकरातल्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही. उरलेल्या आम्ही पुन्हा पनवेलच्या रस्त्याकडेला बसतो. जुडी, जुडीला काकडं. प्रत्येक गिऱ्हाइकाला कसं शिजवायचं ते सांगते. ज्याला ऐकायला वेळ नाही त्याच्या हातातली जुडी काढून घेते. बायका हसतात मला. हसू देत.

यंदा मॅडम वाडीवर आल्या. शहरात मागणी आहे, काकडंही डब्यात घालू, म्हणाल्या. "चल ना गं परत."

मी उभीच होते. म्हटलं, "डब्यात काय जानार ते आमी ठरवनार. टेबलामागं आमी उभ्या ऱ्हानार, बोलनार बी आमीच. त्या मांडवात जाऊन तुमी आदी माफी मागायची. आन मला अगं नाय म्हनायचं."

त्या म्हणाल्या, विचार करते.

करा. तोवर आमचं एक शेवळंही तुमच्या डब्यात जाणार नाही.