काकांची सुरगाठ

सिमेंटची रिकामी गोणी पाहून ज्याचे डोळे भरून यावेत असा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आला. आम्ही त्यांना 'खालचे काका' म्हणत असू. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड खात्यातून निवृत्त होऊन ते मिरा रोडला आले तेव्हा इथे चहूकडे मिठागरं आणि त्यांच्या कडेकडेने अर्धवट उभ्या इमारती होत्या. आम्हाला त्या इमारतींत फक्त धूळ दिसे, काकांना गोण्या दिसत. सकाळी उठले की ते एखाद्या बांधकामावर हजर. एकदा मीही सोबत होतो. वॉचमन वैतागून म्हणाला, "चाचा, इतनी खाली गोनी का क्या अचार डालोगे?" काका गंभीरपणे म्हणाले, "अचार नहीं, पानी डालेगा." वॉचमनने माझ्याकडे पाहत कपाळाजवळ बोट फिरवलं आणि मी बेशरमपणे मान डोलावली.

पण काकांना त्या गोण्या खरोखरच पाण्यासाठी हव्या होत्या. घोडबंदर रस्त्यालगत चेणे गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांचा एक पाडा होता. तिथला ओढा दिवाळीनंतर आटू लागे आणि शिमग्याच्या कितीतरी आधीच बायकांच्या डोक्यावर हंडे चढत, लांबच्या विहिरीपर्यंत. पाड्यातली माणसं दरवर्षी दगडमातीचा बांध घालत आणि दरवर्षी माती वाहून जाई. काका एकदा डोंगरात भटकायला गेले असताना तिथल्या एका म्हाताऱ्या आजीने त्यांना सहज सांगितलं, "दगड हायत, माती हाय, मानसा हायत. माती धरून ठेवायला काय न्हाय." झालं! त्या दिवशी काकांच्या डोक्यात जी गोणी शिरली ती कायमची. घरात गोण्यांची थप्पी, जिन्यात सिमेंटची पावलं. काकू म्हणत, "यांनी झटकलेलं सिमेंट जपून ठेवलं असतं, तर एव्हाना आणखी एक खोली झाली असती."

पहिल्या वर्षी मातीने भरलेल्या गोण्या रचून घालायच्या बंधाऱ्याची जागा काकांनी स्वतः टेप लावून ठरवली. आजी म्हणाली, "हितं पानी न्हाय ऱ्हायाचा. खेकड्याची बिळा हायत." काका म्हणाले, "अहो बाई, मोजमाप अगदी बरोबर आहे." मोजमाप बरोबरच होतं. आठवड्याने बंधारा ताठ उभा होता आणि पाणी खेकड्यांच्या वाटेने खालून निघून गेलं होतं. दुसरा कोणी असता तर खेकड्यांना मेमो दिला असता. काकांनी टेप गुंडाळून आजीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जागा तुम्ही दाखवायची. मी फक्त गोण्या आणणार." तेव्हापासून बंधारा कुठे, किती उंच, कोणत्या दिवशी, हे सगळं पाडा ठरवू लागला. काकांची बदली गोण्यांची तोंडं बांधण्याच्या खात्यात झाली आणि त्यांना ती बढतीच वाटली.

पण इथेच खरी गंमत होती. आयुष्यभर फायली बांधल्यामुळे काकांच्या हाताला एकच गाठ येत असे, सुरगाठ. रद्दी असो, डबा असो, कोथिंबिरीची जुडी असो, वर फाइलीसारखं फूल. "गाठ कशी हवी? पुढच्या माणसाला एका ओढीत सुटली पाहिजे," असं ते आम्हाला बजावत. कचेरीत हे ठीक आहे, वाहत्या पाण्यात कसं चालणार! काका गोणी बांधून पुढे सरकले की मागून आजी यायची, फूल सोडायची आणि रानवेलीने करकचून निरगाठ मारायची. एकदा मी ते पाहिलं. आजीने ओठांवर बोट ठेवलं. त्या वर्षी पाणी शिमग्यापर्यंत टिकलं आणि काका गल्लीभर सांगत सुटले, "एक गाठ सुटली नाही, एक!"

मग एका भाद्रपदात काका गेले. दिवाळीआधी काकूंनी मला हाक मारली. गॅलरीत थप्पी तशीच होती. "तेवढ्या पोचवून ये रे," एवढंच त्या म्हणाल्या. मी पाड्यावर पोचलो तेव्हा आजीने माझ्या मागच्या वाटेकडे पाहिलं. "गोणीवाला न्हाय आला?" मी सांगितलं. ती दगडावर बसली. मग उठून तिने माझ्यापुढे एक भरलेली गोणी सरकवली. मी बांधली आणि पाहतो तो काय, माझ्याही हातून सुरगाठ पडलेली. बायका हसल्या. आजीचा हात सवयीने गाठीकडे गेला आणि थांबला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "येक त्याची ऱ्हाऊ दे." ती गोणी तिने वरच्या थरात मधोमध ठेवायला लावली.

शिमग्याला मी मुद्दाम गेलो. बायका तिथेच हंडे भरत होत्या. ते पाहायला काका हवे होते, फार हवे होते. मधली गोणी जागेवर होती, फूल जसंच्या तसं. मी वाकून पाहिलं. फुलाच्या खाली, कोणाला दिसणार नाही अशी, रानवेलीची पक्की निरगाठ होती. मी ती पाहिली, हे आजीला सांगितलं नाही.