कोरड्या नळाची तोटी

आम्हाला शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांइतका चिडका माणूस जळकोट तालुक्यात दुसरा झाला नाही. निवृत्त होऊन ते आमच्या गल्लीत राहायला आले ते दुष्काळाचं वर्ष. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, म्हणून लोक कोरड्या नळाची तोटी उघडीच ठेवायचे. पाणी आलं की आवाजानं कळावं. घरात कुणी नसताना पाणी आलं तर वाया जाईल, म्हणून सर काठी घेऊन कुणाच्याही अंगणात शिरायचे, तोटी बंद करायचे आणि घरमालकाला बाहेर बोलावून झाडायचे.

मला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा घरचे रडले, सर चिडले. लातूरहून गोळ्या आणायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं. एकदा नवा जिल्हा व्हावा म्हणून रास्ता रोको होता, एसटी बंद. सर थेट पुढाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. “जिल्हा मागा, लई मागा. पर माझ्या पोराची गोळी चुकली तर नव्या जिल्ह्यातलं पहिलं सरण त्याचंच रचा.” पुढाऱ्यानं मुकाट्यानं आपली जीप दिली.

रोज सकाळी आठला सर दारात हजर. दोन लेकरांचा बाप असलेल्या मी गोळी गिळायची आणि जीभ वर करून तोंड दाखवायचं.

वर्षभरानं रिपोर्ट चांगला आला. पाहुणे म्हणाले, रोग गेला, आता गोळ्या कशाला? मलाही तेच हवं होतं. मी गोळी गालात दडवायचो आणि सर गेले की मोरीत थुंकायचो. एके दिवशी आमची तोटी बंद करायला वाकलेल्या सरांना मोरीत त्या गोळ्या सापडल्या. ते तिथंच खाली बसले. त्या दिवशी ओरडले नाहीत.

“अरे गाढवा, तुझ्या पेशीतलं एक जनुक बिघडलंय. उघड्या तोटीसारखं, पेशीला सारखं ‘वाढ, वाढ’ म्हणून राहिलंय. गोळीनं ती तोटी दाबून धरली, म्हणून रिपोर्ट चांगला आला. तोटी दुरुस्त झाली न्हाई.”

मी पुन्हा गोळी सुरू केली, म्हणून हे लिहायला उरलो.

गेल्या उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. त्यांच्या उशाखाली बीपीच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं निघाली. मला असा संताप आला, की समोर असते तर त्यांच्याच शब्दांत त्यांना झाडलं असतं. माझं तोंड रोज तपासणाऱ्या या माणसाचं तोंड तपासायला कुणी गेलं नाही. मी समोरच राहत होतो, मीही गेलो नाही.

अजून सकाळी आठला गोळी गिळली की माझी मान दाराकडे वळते आणि तोंड आपोआप उघडतं.