पाठ फिरवणारा म्हातारा

तुम्ही पाणी पिताना एखादा गोरा पाठ फिरवून बसला, तर तुम्ही काय समजाल?

दुबईबाहेर तेलाच्या कॅम्पवर मी कारकून होतो. आमच्या अमेरिकन इंजिनिअरचा ऐंशी ओलांडलेला बाप त्याच्याकडे राहायला आला होता. मेसच्या सावलीत तो चाकूने लाकूड तासत बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सलाम करायचा. पण रत्नागिरीचे आमचे कामगार तांब्या उंच धरून, ओठ न लावता पाणी पिऊ लागले की तो झटकन पाठ फिरवायचा.

"म्हाताऱ्याला आमची शिसारी येते," स्वयंपाकी हसनचाचा म्हणाले. "तू गोऱ्यांविरुद्धची एवढी पत्रकं वाचतोस ना? जा, विचार त्याला."

मी गेलो, हसनचाचांचं म्हणणं सांगितलं आणि गोऱ्यांच्या गर्वावर त्याला चांगलंच सुनावलं. त्याने चाकू खाली ठेवला.

"या शतकाच्या सुरुवातीला, विशीत असताना, मी फिलिपाइन्समध्ये अमेरिकन शिपाई होतो," तो म्हणाला. "त्या लोकांना सुधारायला चाललोय, असं आम्हाला सांगितलं होतं. बंडखोरांची नावं काढून घ्यायला आम्ही एका माणसाला उताणा पाडून त्याच्या तोंडात पाणी ओतत राहिलो. डोकं मी धरलं होतं. पुढे तसलंच भाषण ऐकून धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धावर गेला. तेव्हाही मी टाळ्या वाजवल्या."

माझी मान खाली गेली.

"तुझ्या चाचांना सांग," तो म्हणाला, "शिसारी मला माझी येते, त्यांची नाही."

आज त्याच देशाचं सैन्य तेच शब्द घेऊन व्हिएतनाममध्ये उतरलं आहे. निषेधाच्या पत्रकावर सही करा, आणि जो अजून टाळ्या वाजवतो आहे त्याच्या घरी ते घेऊन जा.